सरहद्दीवरची भिंत : एक हिशेब
(द्वितीय वर्ष, कला)

"सरहद्दीवर एक उंच भिंत बांधून टाकली म्हणजे कटकट मिटली," हे वाक्य आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा ऐकलेले असते. एस.टी.त ऐकतो, पारावर ऐकतो आणि वक्तृत्व स्पर्धेत तर टाळ्यांच्या कडकडाटात ऐकतो. भिंत बांधावी की बांधू नये, हा राजकारणाचा विषय आहे व तो राजकारणी मंडळींना लखलाभ असो. प्रस्तुत लेखात मला त्याहून साधा प्रश्न विचारायचा आहे. समजा, बांधायची ठरलीच. तर ती बांधता येते का? पाया कुठे खणायचा, माल किती लागेल, पाणी कुठून जाईल आणि भिंतीपलीकडे राहिलेल्या माणसाने काय करायचे?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे भूगोलातली एखादी शंका घरी विचारावी, तर उत्तर मिळत नाही. भिंतीविषयीच्या शंकेचे मात्र तसे नाही. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते रावेर तालुक्यात तीस वर्षे गवंडीकाम करीत आहेत. तेव्हा पुस्तकातली माहिती ग्रंथालयातून आणि भिंतीची अक्कल घरातून, अशा दोन्ही उसनवारीवर हा लेख उभा आहे.

उदाहरण म्हणून मी आपली भारत-बांगलादेश सरहद्द घेतली आहे. तिची लांबी ४,०९६.७ किलोमीटर आहे. पैकी २,२१६.७ किलोमीटर एकट्या पश्चिम बंगालात, ८५६ त्रिपुरात, ४४३ मेघालयात, ३१८ मिझोराममध्ये आणि २६३ आसामात. सरहद्दीवर अडथळा उभारण्याचे वचन १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम करारात दिलेले आहे आणि त्या करारात काटेरी तारेच्या कुंपणाबरोबर 'भिंती' हा शब्दही आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी झाले ते तारेचे कुंपण. सुमारे दहा फूट उंच, दुहेरी रांगांचे, मध्ये काटेरी तारेची वेटोळी आणि आतल्या बाजूने गस्तीचा रस्ता. भिंत का झाली नाही, हे शोधण्यासाठी मी आधी भिंतीचाच हिशेब मांडून पाहिला.

आबांनी माप सांगितले ते असे. जमिनीवर तीन मीटर उंची, पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदी. खाली दीड मीटर खोल आणि एक मीटर रुंद पाया. म्हणजे भिंतीच्या दर मीटरला सुमारे २.८५ घनमीटर बांधकाम. एका घनमीटरला पाचशे विटा धरायच्या, हा गवंड्यांचा नेहमीचा हिशेब. तेव्हा दर मीटरला १,४२५ विटा आणि सबंध सरहद्दीला सुमारे ५८४ कोटी. एका ट्रकमध्ये चार हजार विटा धरल्या तर साडेचौदा लाखांवर खेपा. आकडा ऐकून डोळे फिरतात खरे; परंतु आपल्या देशात दरवर्षी वीस हजार कोटींहून अधिक विटा भाजल्या जातात, असा अंदाज आहे. त्या मानाने ५८४ कोटी म्हणजे शेकड्याला तीनसुद्धा नाहीत. सिमेंट, वाळू आणि मजुरी यांचेही तेच. भारतासारख्या देशाने मनात आणले तर पाच-सात वर्षांत इतका माल रचून टाकणे मुळीच अशक्य नाही. टपरीवर भिंत बांधणारे लोक इथपर्यंत बरोबरच असतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मी हा हिशेब मोठ्या ऐटीत आबांपुढे ठेवला. त्यांनी विटांच्या आकड्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते म्हणाले, "वीट कोणीही रचील. पाण्याला वाट कुठं ठेवली, ते दाखव."

आमच्या भागात काळी जमीन. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत खणतो, मगच पाया भरतो. आणि ओढ्याच्या अंगाला भिंत असेल तर तळाशी पाणी जायला भोके ठेवतो. शेजारच्या गावात एका मोठ्या आवाराची भिंत अशी भोके न ठेवता बांधली गेली होती. दुसऱ्याच पावसाळ्यात चाळीस फूट भिंत आडवी झाली. पाणी भिंतीवरून चढून गेले नव्हते. ते मागे साचले आणि त्याने भिंत ढकलली, एवढेच.

आता हेच ज्ञान घेऊन बंगाल-आसामच्या सरहद्दीवर जाऊ. तिथे मुरूम नाही. गंगा आणि ब्रह्मपुत्रेने हजारो वर्षे आणून टाकलेला गाळच गाळ आहे. वर मेघालयात, सरहद्दीपासून थोड्याच अंतरावर, मौसिनराम हे गाव आहे. तिथे वर्षाला सरासरी अकरा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे सातशे मिलिमीटर झाला की सुकाळ म्हणतात! हे सगळे पाणी डोंगरावरून उतरते आणि सरहद्द ओलांडून बांगलादेशच्या सखल प्रदेशात शिरते. सरहद्दीला समांतर उभी केलेली अखंड भिंत म्हणजे या पाण्यापुढे घातलेला शेकडो किलोमीटरचा बांधच. तो टिकला तर आपल्या बाजूची गावे बुडणार आणि फुटला तर पलीकडची.

तारेच्या कुंपणातून पाणी निदान वाहून जाते. पण त्याचीही गत काय झाली, ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या टप्प्यात पश्चिम बंगाल, आसाम व मेघालय येथे उभारलेले बहुतेक कुंपण दमट हवेने आणि वारंवार पाण्याखाली गेल्याने खराब झाले. शेवटी सुमारे ८६० किलोमीटरचे ते सगळेच कुंपण बदलण्याचा तिसरा टप्पा सरकारला हाती घ्यावा लागला. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. दुसऱ्या टप्प्याचे काम पुरे व्हायच्या आतच पहिला टप्पा गंजून गेला होता. आबांच्या भाषेत, घर बांधून होण्याआधीच डागडुजी निघाली.

आणि जिथे जमीनच नाही तिथे? आसामात धुबडी जिल्ह्यात ब्रह्मपुत्रा बांगलादेशात शिरते. तिथला ६१ किलोमीटरचा पट्टा म्हणजे नदीचे फाटे आणि वाळूची बेटे. या बेटांना तिकडे 'चर' म्हणतात. पूर आला की एक चर वाहून जातो आणि दुसरीकडे नवा उगवतो. भिंत तर सोडाच, तिथे खांबसुद्धा रोवता येत नाही. ५ मार्च २०१९ रोजी या पट्ट्यात कॅमेरे, संवेदक आणि जमिनीखालच्या तारा यांची यंत्रणा सुरू करण्यात आली. सुंदरबनात तर सीमा सुरक्षा दलाच्या चौक्याच पाण्यावर तरंगणाऱ्या आहेत. सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेले आकडे असे होते : कुंपण झालेली सरहद्द ३,२३२.२१८ किलोमीटर, व्हायची राहिलेली ८६४.४८२ किलोमीटर आणि त्या राहिलेल्यापैकी १७४.५१४ किलोमीटर लांबीत कुंपण उभारणे शक्यच नाही. हा शेवटचा आकडा मला फार बोलका वाटतो. मुंबई ते नाशिक जेवढे अंतर, साधारण तेवढी फट खुद्द सरकारनेच मान्य केली आहे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे पैसा कमी पडत असेल. श्रीमंत देशाने बांधून दाखवलीच ना? अमेरिका-मेक्सिको सरहद्द सुमारे ३,१४५ किलोमीटरची आहे. २०१७ ते २०२१ या काळात तिथे ४५८ मैल, म्हणजे सुमारे ७३७ किलोमीटर भिंत उभी राहिली. पण त्यातली बहुतेक जुन्या अडथळ्यांच्या जागीच. पोलादी खांब, बऱ्याच ठिकाणी नऊ मीटर उंच आणि दोन खांबांमधली फट सुमारे दहा सेंटिमीटर. ॲरिझोनाच्या वाळवंटात पावसाळ्यात अचानक लोंढे येतात. त्यांच्याबरोबर आलेला पालापाचोळा व फांद्या त्या फटींत अडकतात आणि भिंतीचे धरण होते. म्हणून तिथे भिंतीतच पुराचे दरवाजे ठेवले आहेत आणि पावसाळ्यात ते उघडे ठेवावे लागतात. ज्या दरवाजातून पूर जातो, त्यातून माणूसही जातो! ऑगस्ट २०२१ मध्ये पुराने असे काही दरवाजे बिजागरीसकट उखडून टाकले. शिवाय जमिनीखालून भुयारे आहेतच. सॅन दिएगोजवळ सापडलेल्या एका भुयाराची लांबी १,३१३ मीटर असल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. आत रूळ, वीज आणि हवा खेळवण्याची सोयसुद्धा होती. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेने भिंतीसाठी आणखी ४६.५ अब्ज डॉलरची तरतूद केली आहे. तेव्हा पैशाचा प्रश्न नाही, हे उघड आहे.

खरे म्हणजे इतके दूर जाण्याचेही कारण नव्हते. असा एक प्रयोग आमच्या खानदेशच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेलेला आहे. इंग्रजांनी मिठावर कर बसवला आणि स्वस्त मीठ चोरून येऊ नये म्हणून देशाच्या मधोमध एक जकातरेषा आखली. १८६९ मध्ये ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती. तिच्यावर सिंधूकाठापासून थेट बऱ्हाणपुरापर्यंत काट्यांचे कुंपण घालण्याचा उद्योग झाला. आमच्या रावेरहून बऱ्हाणपूर ते कितीसे लांब! केळीच्या गाड्या रोज जातात-येतात. पण त्या गावाशी या कुंपणाचा काही संबंध आहे, हे मला ग्रंथालयात कळेपर्यंत कोणाच्या तोंडून ऐकायला मिळाले नव्हते.

हे कुंपण प्रथम वाळलेल्या काट्यांचे होते. वाळलेल्या काट्यांना वाळवी लागते, वणवा लागतो, वादळाने ते उडून जातात. दर मैलाला दरवर्षी शेकडो टन काटे वाहून आणावे लागत. १८६७ पासून जकात खात्याचा कारभार ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याच्याकडे होता. हाच गृहस्थ पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या संस्थापकांत होता. त्याने जिवंत कुंपण लावण्याचा धडाका लावला. बाभूळ, बोर, करवंद, थोर आणि निवडुंग. जिथे जमीन खडकाळ होती तिथे माती आणून टाकली, जिथे पाणी साचे तिथे बांध घालून त्यावर झाडे लावली. चांगल्या ठिकाणी ते बारा फूट उंच आणि चौदा फूट रुंद झाले. तरीही दहा वर्षांच्या खटपटीनंतर, १८७८ च्या सुमारास, धडधाकट म्हणावे असे जिवंत कुंपण सुमारे ४११ मैलच भरले.

आणि त्याला राखण किती? १८६९ मध्ये सुमारे बारा हजार माणसे. कुंपण राखणाऱ्या शिपायाला लाच देता येते, ही गोष्ट मीठ चोरणाऱ्यांना वाळवीच्याही आधी समजली असणार. १८७९ मध्ये इंग्रजांनी हे सगळे प्रकरण गुंडाळले. कारण मोठे साधे होते. त्यांनी राजपुतान्यातील संस्थानांशी करार करून सांभर सरोवरासारखी मिठाची ठिकाणेच ताब्यात घेतली व निरनिराळ्या प्रांतांतले कराचे दर जवळ आणले. मीठ जिथे तयार होते तिथेच कर मिळू लागल्यावर दोन हजार मैल काटे राखण्याची गरज उरली नाही.

राखणीचा हा मुद्दा आजही सुटलेला नाही. माणूस नसलेली भिंत म्हणजे शिडी लावायला आणि उतरायला लागतो तेवढाच उशीर. सरहद्दीवर दर दोनशे मीटरला एक जवान उभा करायचा म्हटले आणि दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या, तर एकसष्ट हजारांवर जवान लागतात. यात रजेवर गेलेले, आजारी पडलेले, भाकरी भाजणारे आणि गाडी हाकणारे धरलेले नाहीत. एवढी माणसे उभी करायचीच असतील तर भिंतीने नेमके काय वाचवले, असा प्रश्न पडतो. चीनच्या भिंतीचे उदाहरण सर्वजण देतात; पण १६४४ मध्ये शानहाईगुआनचा दरवाजा मांचू सैन्यासाठी उघडला तो तिथल्याच मिंग सेनापतीने, वू सानगुईने. भिंत शाबूतच होती.

यापुढची अडचण मात्र आबांच्या अनुभवातली नाही. घराची भिंत बांधताना दोरी कुठे धरायची, हे मालक दाखवतो. सरहद्दीवर दोरी धरणे हेच अवघड काम आहे. सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले आणि त्यांनी आखलेली रेषा १७ ऑगस्टला जाहीर झाली. जेमतेम सहा आठवड्यांत काढलेली ती रेषा बाजारातून, शेतातून आणि काही ठिकाणी घरातून गेली. दक्षिण दिनाजपूरमधील हिली येथे बाजारपेठ भारतात आणि लगतचे रेल्वे स्टेशन बांगलादेशात. एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाची बेटे अशी १६२ ठिकाणे होती. त्यांची अदलाबदल ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री झाली, तोवर अडुसष्ट वर्षे उलटून गेली होती.

शिवाय १९७५ मध्ये दोन्ही देशांत ठरल्याप्रमाणे सरहद्दीच्या रेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणाचे बांधकाम करायचे नाही. १५० यार्ड म्हणजे सुमारे १३७ मीटर. काही ठिकाणी नाइलाजाने त्याच्या आत एकेरी कुंपण घालावे लागते आणि मग वाद होतो. जानेवारी २०२५ मध्ये मालदा जिल्ह्यातील सुकदेवपूर येथे असे काम पलीकडच्या सीमारक्षकांच्या हरकतीमुळे थांबले व दोन्ही देशांनी एकमेकांच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना बोलावून घेतले.

कुंपण दीडशे यार्ड आत आले म्हणजे रेषा आणि कुंपण यांमधली जमीन भारताचीच. पण कुंपणाच्या बाहेर. या जमिनीविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही. म्हणून मी तिचाही हिशेब केला. १३७ मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब पट्टा म्हणजे सुमारे चौतीस एकर. आमची जमीन अडीच एकर आहे व तेवढ्यावर घर चालत नाही म्हणून आबा थापी घेऊन बाहेर पडतात. आमच्यासारखी तेरा-चौदा कुटुंबे एका किलोमीटरमध्ये कुंपणाबाहेर जातात. झालेले सगळे कुंपण बरोबर दीडशे यार्डांवर आहे असे धरले, तर बाहेरची जमीन एक लाख नऊ हजार एकर भरते. त्यात नदी, जंगल व डोंगर असणार हे खरे. उलट, बऱ्याच ठिकाणी जमिनीच्या उंचसखलपणामुळे कुंपण त्याहूनही आत आलेले आहे.

आमच्या गल्लीतले एक काका सीमा सुरक्षा दलातून निवृत्त होऊन आले आहेत. त्यांची बरीच नोकरी त्रिपुरात झाली. कुंपणाला ठरावीक अंतरावर फाटके असतात. फाटक सकाळी उघडते, दुपारी काही वेळ उघडते आणि संध्याकाळी बंद होते. शेतकरी ओळखपत्र दाखवतो, वहीत नाव लागते, बैल मोजले जातात, मग तो आपल्याच शेतात जातो. संध्याकाळी तेवढेच बैल परत यावे लागतात. उंच वाढणारे पीक कुंपणाजवळ लावू देत नाहीत, कारण त्यात माणूस लपतो; म्हणजे ताग लावायचा नाही. मी काकांना विचारले, केळी? ते हसले आणि म्हणाले, "केळीत तर अख्खी पलटण लपेल."

काहींची शेतेच नव्हे, घरेही बाहेर आहेत. रात्री बाळंतपणाची वेळ आली तर आधी चौकीवर जाऊन फाटक उघडून घ्यावे लागते. काका म्हणाले की अशा वेळी त्यांनी कधी वेळ लावला नाही. पण किल्ली ज्याच्याकडे असते तो चौकीवर असतो आणि चौकी फाटकापासून लांब असू शकते. ७ जानेवारी २०११ रोजी पहाटे एक पंधरा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर बांबूच्या शिडीवरून हे कुंपण ओलांडताना तारेत अडकली आणि गोळी लागून मरण पावली. ती भारतात शिरत नव्हती. तिचे वडील इकडे मजुरीला होते आणि लग्नासाठी ती बांगलादेशातल्या आपल्या गावी परत चालली होती. मी काकांना याविषयी विचारले नाही.

कुंपणाचा नवा नमुना आता न कापता येणारा आणि न गंजणारा असतो, असे काका सांगतात. राहिलेल्या ८६४ किलोमीटरचे काम जमीन मिळेल तसतसे पुढे सरकते आहे. जमीन द्यायची कोणी, याविषयी दिल्ली व राज्ये यांच्यात पत्रव्यवहार चालतो. मोजणीदार साखळी घेऊन शेतात उतरतो, तेव्हा शेतकरी पैशाच्या आधी एकच गोष्ट विचारतो, असे काकांनी सांगितले : फाटक माझ्या बांधाजवळ ठेवणार का?